कुतुबुद्दीन शिकलगाराचा शब्द

कोल्हापूरच्या रविवार पेठेतल्या बोळात कुतुबुद्दीन शिकलगाराचं दोन खणांचं घर होतं आणि दारापुढच्या ओट्यावर त्याची सराण, म्हणजे दोरीनं ओढून फिरवायचं धारेचं चाक. शाहू महाराजांना गादीवर बसून अठरा वर्षं झाली होती. दिल्लीचा दरबार होऊन गेला, त्याच्या पुढचा हा उन्हाळा. तलवारी उपसायचे दिवस केव्हाच सरले होते. ओट्यावर यायचे ते न्हाव्यांचे वस्तरे, बायकांच्या विळ्या, नाहीतर कुणा म्हातारीचा अडकित्ता. खरं हत्यार कुतुबुद्दीनच्या हाती लागायचं ते वर्षातून एकदाच. नवरात्राच्या आधी आठ दिवस तो हंबीरराव सरदारांच्या शिलेखान्यात जाऊन बसे आणि तिथली बेचाळीस हत्यारं एकेक करून उजळून काढी. सात पिढ्या हे काम त्याच्या घरात होतं.

माणूस बोलायला कमी. कुणी काही विचारलं की त्याचं एक ठरलेलं उत्तर असे, "बघून सांगतो." पेठेतली पोरंटोरं त्यावरून त्याची थट्टा करत. "कुतुबचाचा, आज शनवार का आयतवार?" तोही हसून म्हणे, "बघून सांगतो." पण पात्याला हात लावल्याशिवाय, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यानं कधी कुणाच्या हत्याराविषयी शब्द दिला नव्हता, आणि दिलेला शब्द कधी फिरवला नव्हता. बाजारात दोन तलवारींचा वाद झाला की माणसं त्याच्याकडे येत ती एवढ्यासाठीच.

वैशाखातल्या एका सकाळी हंबीररावांचे कारभारी गणपतराव बोळात आले. ओट्यावर न बसता उभ्यानंच म्हणाले, "शिकलगार, बोचकं बांधा. सरकारांच्या संगं मारवाडात जायचंय."

"मारवाडात?" आतून लालबीनं विचारलं. कुतुबुद्दीनची बायको. कारभाऱ्यांसमोर ती उंबऱ्याच्या आतच राहायची, पण आवाज उंबरा ओलांडून यायचा. "तिकडं काय विळ्यास्नी धार न्हाय व्हय?"

गणपतरावांनी सगळं सांगितलं. हंबीररावांचे पूर्वज रायाजीराव दीडशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर मारवाडच्या वाळवंटात गेले होते. खेजडगडच्या लढाईत ते पडले, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. पण भाऊबंद चारचौघांत टोचून बोलायचे, की पडले कुठले, पळाले. आता त्या खेजडगडच्या संस्थानानं जुन्या वस्तूंचा अजबखाना काढला होता. तिथं एक दख्खनी धोप, म्हणजे सरळ पात्याची तलवार, ठेवलीय आणि तिच्यापुढच्या पाटीवर लिहिलंय, 'पळून गेलेल्या दख्खनी स्वाराची तलवार'. तिकडं व्यापाराला गेलेल्या मिरजेच्या एका अडत्यानं ती पाटी वाचली आणि येऊन भाऊबंदांच्या पंगतीत सांगितली. हंबीररावांनी संस्थानाला पत्र घातलं, की तलवार आमच्या रायाजीरावांची, ते तिथंच लढून पडले, पाटी बदला. उत्तर आलं, तलवार तुमचीच कशावरून? पुरावा घेऊन या.

"पुरावा म्हंजे तुम्ही," गणपतराव म्हणाले. "तुमच्या घरानं सरकारांच्या घरची हत्यारं सांभाळली. तुम्ही 'व्हय' म्हणायचं. झालं."

"बघून सांगतो," कुतुबुद्दीन म्हणाला.

गणपतरावांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "बघाच. पन सांगताना नीट सांगा."

ते गेल्यावर लालबी बाहेर आली. रायाजीरावांबरोबर त्या फौजेत चमन नावाचा शिकलगारही गेला होता. कुतुबुद्दीनच्या आजोबाच्या आजोबाचा बाप. तोही परतला नव्हता. त्याच्यासाठी घरात कुणी रडल्याचं कुणाला आठवत नव्हतं, इतकी जुनी गोष्ट. पण नाव राहिलं होतं.

लालबीनं बोचक्यात भाकरीचं पीठ, ठेचा, करडईच्या तेलाची बुधली आणि बोळ्यांची थैली भरली. हे बोळे शिकलगारांच्या घरातल्या बायकांचं काम. कापसाचा लहान गोळा जुन्या लुगड्याच्या पट्टीत गुंडाळायचा, दोऱ्याचे दोन उभे वेढे आणि एक आडवा द्यायचा, गाठ पोटात दाबायची आणि तेलात मुरवायचा. तलवार म्यानात घालण्याआधी तो बोळा काडीनं म्यानाच्या तळाशी सरकवायचा, म्हणजे टोकाला सबंध पावसाळा तेल मिळत राहतं. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या पावसात लोखंडाला आधी टोकाकडूनच गंज लागतो. ही युक्ती दुसऱ्या कुठल्या शिकलगाराकडे नव्हती. सासूनं सुनेला शिकवायची, अशी ती चालत आलेली.

"चार दिलेत," लालबी म्हणाली. "आणि अवो, तिकडं मोठ्या लोकांत उगंच 'बघून सांगतो, बघून सांगतो' करू नगासा. शिलेखाना गेला तर नुसत्या विळ्यांवर घर चालायचं न्हाय."

"व्हय," तो म्हणाला. पण कशाला व्हय, ते बोलला नाही.

मिरज, पुणे, मुंबई करत गाड्या बदलत चालल्या. हंबीरराव वरच्या वर्गाच्या डब्यात, गणपतराव आणि कुतुबुद्दीन तिसऱ्यात. अमदाबादच्या फलाटावर पुढच्या गाडीला उशीर होता. हंबीररावांनी त्याला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, मिशांना पीळ देत बोलणारा माणूस. पण त्या दिवशी हात मिशीकडे गेला नाही.

"कुतुबा, माझ्या पोरीचं लगीन ठरत न्हाय, म्हाईत हाय न्हवं? पळपुट्याची पोर म्हणत्यात. दीडशे वर्षांमागच्या माणसाचं माझ्या पोरीला लागतंय."

"व्हय सरकार."

"तू 'व्हय' म्हणलास तर शिलेखाना तुझ्या नातवापत्तुर तुझा. 'न्हाय' म्हणलास, न्हायतर तुझं ते 'बघून सांगतो' लावलंस, तर औंदाच्या नवरात्रात वाड्यावर यायचं कारण न्हाय. मी रागानं बोलत न्हाय बघ. तुला आधी सांगून ठेवतोय."

कुतुबुद्दीननं मान हलवली. गाडी आली. पुढे रात्रंदिवस खिडकीतून तापलेला वारा आत येत राहिला आणि झाडं कमी कमी होत गेली. शेवटच्या ठेसनावरून उंटाच्या गाडीनं एक सबंध दिवस. जमीन होती की राख होती, तेच कळेना. गणपतराव तोंडाला पंचा बांधून बसले होते. मधूनच पंचा सारून म्हणायचे, "उस्ताद, ठरलं का?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा बांधायचे.

खेजडगडचा अजबखाना म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याची जुनी पागा होती. भिंतींना नुकताच चुना दिलेला, खिडक्यांना अजून तावदानं नव्हती, नुसते गवताचे पडदे सोडलेले. हौदे, चिलखतं, ढाली, हस्तिदंती पेट्या बाकांवर मांडलेल्या. हत्यारांवर नेमलेला माणूस होता जोरावरसिंह, सत्तरीचा ताठ राजपूत, पांढऱ्या दाढीचे दोन भाग करून कानांकडे वळवलेले. त्याची बोली मारवाडी वळणाची हिंदी, पण कुतुबुद्दीनला घरच्या दखनीमुळे ती समजत होती.

दिवाणांचा निरोप होता : पाहुण्यांच्या शिकलगाराला आज तलवार पाहू द्या, हाताळू द्या. परवा सकाळी आम्ही स्वतः येऊ, सगळ्यांदेखत तलवार म्यानातून काढू आणि त्याचं म्हणणं ऐकून पाटीचा निकाल करू.

पाटी गणपतरावांनी वाचून दाखवली. हंबीरराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

कुतुबुद्दीननं हात धुतले, कोरडे केले आणि तलवार उचलली. सरळ, लांब पात्याची धोप होती खरी, दख्खनी घाटाची. पण मूठ मागाहून बसवलेली, तिकडच्याच पद्धतीची. त्याच्या घरची खूण, तीन टिंबं, मुठीच्या आत जाणाऱ्या शेपटावर असायची. मुठीच्या बुडाशी पाहिलं, तर नवी मूठ बसवताना कुणीतरी ते शेपूटच अर्धं छाटलं होतं. खूण असलीच तर तिच्याबरोबर गेली होती.

त्यानं तलवार म्यानातून काढली. आवाज खरखरीत आला. पातं उजेडात धरलं तर दोन्ही अंगांवर मुठीपासून टोकापर्यंत उभे बारीक ओरखडे, शेकड्यांनी. मारामारीचे घाव आडवेतिडवे असतात. हे सगळे एका दिशेचे. असे ओरखडे त्यानं उभ्या जन्मात पाहिले नव्हते. पुन्हा घालून पाहिली तर तलवार म्यानात पुरती बसेना, बोटाच्या पेराएवढी वर राहत होती.

"म्यान हिचंच हाय का?" त्यानं विचारलं.

"हिच्याबरोबरच आलेलं," जोरावरसिंह म्हणाला. "माझ्या आजाच्या वेळेपासून असंच बसतं."

"काय म्हणता शिकलगार?" गणपतरावांनी कानाशी येऊन विचारलं.

"परवा सांगतो."

पण हात काही रिकामा राहिना. पात्यावर धूळ होती, कडेला गंजाचा एक ठिपका. चाळीस वर्षांची सवय. त्यानं ठिपका घासून काढला, बुधली उघडली आणि पात्याला करडईचं तेल सढळ हातानं लावलं. थैलीतला एक बोळा काढून काडीनं म्यानात सरकवायला गेला, तर काडी तळाशी न जाता आधीच कशाला तरी अडली. टणक लागलं. आतलं लाकूड फुगलं असेल, असं म्हणून त्यानं बोळा परत ठेवला आणि म्यानातच चमचाभर तेल सोडलं.

जोरावरसिंह बघत होता. "तेल?" तो म्हणाला. "आम्ही कोरड्या लोकरीनं पुसतो. राख आणि लोकर."

"आमच्या शिकलगाराला शिकवू नका ठाकूर," गणपतराव मोडक्या हिंदीत म्हणाले. "सात पिढ्यांचा हात हाय."

जोरावरसिंह पुढे काही बोलणार होता, तो बोललाच नाही. त्यानं फक्त दोन्ही हात मागे बांधले. कुतुबुद्दीनला मनातून बरं वाटलं होतं, हे खोटं नाही. त्यानं तलवार म्यानात घालून बाकावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या टेकाडावरची छत्री बघायला ते गेले. चार खांब, वर घुमट, खाली दगडावर घोडेस्वार कोरलेला. अक्षरं वाऱ्यानं झिजून गेली होती. बकऱ्या चारणारी एक म्हातारी होती, ती म्हणाली, "दख्खनी सरदाराची. त्या लढाईत तिकडचा तोच एक सरदार होता. लढून मेला म्हणून आमच्या लोकांनीच बांधली. पळणाऱ्याला कुणी छत्री बांधतं?"

हंबीररावांनी पागोटं उतरवून दगडावर डोकं टेकलं. उठले तेव्हा डोळे लाल झाले होते. "ऐकलंस कुतुबा? आता फकस्त ती तलवार ह्या माणसाची हाय एवढंच म्हणायचं राहिलंय."

छत्रीपासून वीसेक पावलांवर खडकाच्या आडोशाला दगडांची एक ओळ होती, माणसाच्या लांबीची. ना नाव, ना चुना. कुतुबुद्दीननं म्हातारीला विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. एवढंच म्हणाली, छत्री जेवढी जुनी तेवढीच हीही. त्यानं टोपी सारखी केली, उभ्यानं फातिहा वाचली. ज्याची असेल त्याला.

तेवढ्यात बकऱ्या आपणहून गावाकडे पळू लागल्या. आकाशाच्या कडेला तांबडी भिंत उठली होती. "आंधी," म्हातारी म्हणाली आणि पदर तोंडावर घेऊन बसली. ते तिघं छत्रीच्या खांबांना पाठ लावून बसले. घटकाभर काही दिसलं नाही. वाळू कानांत, दातांत, कपड्यांच्या शिवणींत शिरत होती. वारा पडला तेव्हा गणपतराव ओळखू येईनात.

धर्मशाळेत येईतो ऊन कलायला लागलं होतं. कुतुबुद्दीन दाढीला रोज तेल लावायचा, सकाळीही लावलं होतं. त्यानं दाढीवरून हात फिरवला, तेलात कालवलेली वाळू बोटांना लागली आणि ती तशीच थांबली. अंगठा आणि बोट त्यानं एकमेकांवर चोळलं. पुन्हा चोळलं.

हा चिकटा त्याच्या ओळखीचा होता. कुरुंदाच्या दगडाची पूड आणि तेल. लोखंड खायला, पोलाद झिजवायला तो स्वतः पाट्यावर हेच कालवण करायचा.

तावदानं नसलेल्या खिडक्या. बाकावर उघड्यावर ठेवलेली तलवार. पेरभर वर राहिलेली, म्हणून म्यानाचं तोंड उघडं. आणि आत त्यानं आपल्या हातानं सोडलेलं तेल. आता म्यानातून ती कुणी नुसती ओढली, की मुठीपासून टोकापर्यंत...

तो जागचा उठला. मुठीपासून टोकापर्यंत, उभे, एका दिशेचे. ते ओरखडे आधीच होते. म्हणजे ही चूक आधी कुणीतरी करून ठेवलेली. ह्या मुलखातला माणूस हत्याराला तेलाचं बोट लावत नव्हता. मग तेल कुणी घातलं? आणि म्यानात काडी कशाला अडली?

मनात चमनचं नाव आलं. त्यानं ते बाजूला ठेवलं. बघितलं कुठं होतं?

तो तसाच अजबखान्याकडे गेला. दाराला कुलूप होतं. पहारेकरी म्हणाला, किल्ली ठाकूरकडे, ठाकूर किल्ल्यात, सकाळी या. परत येताना त्याच्या ध्यानात आलं, की आता सरकारांना सांगायचं तर काय सांगायचं. दुसऱ्याच्या संस्थानातली तलवार मी नासवायला ठेवलीय, हे? ते ऐकून ते त्याला सकाळी तिथं उभाच करणार नाहीत. गणपतराव पुढं होऊन 'व्हय, आमचीच' म्हणतील, जोरावरसिंह तलवार ओढेल, आणि जे व्हायचं ते होईल. तो कुणाशी बोलला नाही. लालबीचा ठेचा तसाच राहिला.

सकाळी पागेत बैठक घातली होती. दिवाण लोडाशी बसले होते. चष्मा लावलेला, बारीक अंगाचा, घाईतला माणूस. एका अंगाला हंबीरराव आणि गणपतराव, दुसऱ्या अंगाला संस्थानचे दहाबारा मानकरी. वाळू पहाटेच झाडून काढली होती. मधोमध चौरंगावर धोप. कुतुबुद्दीननं लांबूनच म्यानाचं तोंड पाहिलं. तिथं तांबूस, ओलसर कड धरली होती.

"काढा," दिवाण म्हणाले.

जोरावरसिंहानं डाव्या हातात म्यान धरलं. उजवा मुठीवर ठेवला.

"ठाकूर, ओढू नका," कुतुबुद्दीन म्हणाला.

आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. सगळ्यांच्या माना वळल्या. जोरावरसिंहाचा हात मुठीवर तसाच राहिला.

"काय झालं?" दिवाणांनी विचारलं.

"परवा मी म्यानात तेल घातलं. आमच्याकडं पाऊस लई, तिथं घालायलाच लागतं. हितं वाळू हाय, ह्याचा मी इचार केला न्हाय. कालच्या आंधीत वाळू आत गेली. आता ओढली तर पातं नासणार. माझी चूक."

मानकऱ्यांत कुणीतरी हसलं. गणपतराव दातओठ खात पुटपुटले, "मेलास." हंबीररावांचा चेहरा ताठ झाला होता.

"मग काढायची कशी?" दिवाण म्हणाले.

"ओढायची न्हाय. म्यान शिवणीवर उसवायचं, लाकडाच्या दोन फाळी सोडवायच्या आणि पातं वर उचलायचं."

"हे म्यान दीडशे वर्षांचं आहे."

"म्यान पुन्हा शिवता येतं सायेब. पातं पुन्हा करता येत न्हाय." तो थांबला. पुढचं बोललं की परतीची वाट नव्हती. "आणि दुसरं बी हाय. ही तलवार कुणाची, ते म्यानाच्या तळाशी हाय. असलं तर."

"तळाशी काय आहे?"

कुतुबुद्दीननं थैलीतून बोळा काढून तळहातावर धरला. "हा. आमच्या घरच्या बायका बांधत्यात. दोन उभे येढे, एक आडवा, गाठ पोटात. कोल्हापुरात बी दुसरं कुणी घालत न्हाय. रायाजीराव सरकारांच्या संगं आमच्या घरचा चमन शिकलगार हुता. पात्यावर जुने ओरखडे हायत, ते माझ्यासारख्याच कुण्या तेलवाल्याच्या चुकीचे. चमननं ह्या तलवारीला हात लावला असंल, तर तळाशी असला बोळा असंल."

"आणि नसला तर?"

कुतुबुद्दीननं हंबीररावांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जीभ वळली नसती.

"तर तलवार आमची हाय असं मी म्हणणार न्हाय."

गणपतराव अर्धे उठले. "सरकार, ह्याचं डोकं फिरलंय, मी सांगतो दिवाणसायबास्नी..."

"बसा," हंबीरराव म्हणाले. मग दिवाणांना म्हणाले, "म्यानाचं जे काही नुकसान हुईल ते माझ्याकडं लागू. फोडू द्या त्याला."

दिवाणांनी जोरावरसिंहाकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं मुठीवरचा हात काढला आणि म्यान दोन्ही हातांनी कुतुबुद्दीनपुढे धरलं.

रापीच्या टोकानं त्यानं चामड्याची शिवण एकेक टाका करत उसवली. टोकाची पितळी टोपी सैल करून बाजूला ठेवली. लाकडाच्या फाळी जुन्या सरसानं चिकटल्या होत्या. मधे पातळ सुरी घालून तो तसूतसूनं पुढे सरकत होता. घाम नाकावरून लाकडावर पडला, तो जोरावरसिंहानं आपल्या पंच्यानं टिपला. वरची फाळी सुटली. आत पातं वाळूच्या चिखलात झोपल्यासारखं पडलेलं. कुतुबुद्दीननं ते दोन बाजूंनी धरून सरळ वर उचललं आणि जोरावरसिंहाच्या हातातल्या लोकरीवर ठेवलं. नवा ओरखडा नव्हता.

मग तो तळाकडे वळला. तिथं काळं, सुपारीएवढं काहीतरी लाकडाला चिकटून बसलं होतं. दगडच म्हणावा. त्यानं सुरीच्या टोकानं ते सोडवलं आणि तळहातावर घेतलं. नुसता काळा गोळा. काही दिसत नव्हतं. गणपतरावांनी डोळे मिटून घेतले.

कुतुबुद्दीननं नखानं वरची खपली उडवली. मग आणखी एक. तेल आणि वाळूचं कवच तुकड्यातुकड्यांनी निघालं, आणि खाली कापडाचा धागा उकलला. त्यावर दोऱ्याचा एक उभा वेढा. बाजूला दुसरा. त्यानं गोळा फिरवला. आडवा वेढा गाठीपाशी पोटात गेलेला.

त्यानं लालबीचा बोळा त्याच्या शेजारी ठेवला आणि हात दिवाणांपुढे केला.

दिवाणांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. एक बघितला, दुसरा बघितला. जोरावरसिंहही वाकला. "एकाच घरातल्या बायकांनी बांधलेत," तो म्हणाला.

"आता सांग," दिवाण म्हणाले.

"ही तलवार रायाजीराव सरकारांची. हिला चमन शिकलगारानं तेल घातलं. आणि त्यानंच हिचं वाटोळं केलं. माझ्यासारखंच."

त्या दिवशी दुपारी जुनी पाटी निघाली. नवीवर लिहिलं, 'टेकाडावरच्या छत्रीत विसावलेल्या दख्खनी सरदाराची धोप'. तलवार तिथंच राहिली. हंबीररावांनी ती मागितलीही नाही. जोरावरसिंहानं मात्र दोन्ही बोळे ठेवून घेतले. निघताना कुतुबुद्दीननं त्याला विचारलं, "तेल घालताना अडवलं का न्हाय मला?"

"तुमच्या कारभाऱ्यानं मला गप्प केलं," म्हातारा म्हणाला. "आणि मलाही राग आला. ती माझी चूक."

उंटगाडीत बसण्याआधी कुतुबुद्दीन एकटाच टेकाडावर जाऊन आला. दगडांच्या त्या ओळीपाशी उभा राहून त्यानं पुन्हा फातिहा वाचली. चमनचं नाव ओठांवर आलं होतं, पण ही कबर त्याचीच, हे कुणी पाहिलं होतं? "असशील तर तुला," तो म्हणाला, "नसशील तर हितं जो हाय त्याला."

परतीच्या वाटेवर हंबीरराव त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. अमदाबाद गेलं, मुंबई गेली, पुणं गेलं. कुतुबुद्दीननं मनाशी विळ्या, वस्तरे, अडकित्ते मोजायला सुरुवात केली होती. मिरजेला कोल्हापूरची गाडी लागली तेव्हा हंबीरराव फलाटावर त्याच्याजवळ आले.

"तळाशी काय निघालं नसतं तर?"

"तर न्हाय म्हणलो असतो, सरकार."

"माझ्या पोरीचं म्हाईत असून?"

"व्हय."

हंबीररावांचा हात मिशीकडे गेला. पीळ देता देता ते दुसरीकडे बघत म्हणाले, "घटाच्या आधी नऊ दिवस ये. ह्या टायमाला आठात भागायचं न्हाय. वरच्या माळ्यावरची हत्यारं बी काढायचीत." आणि आपल्या डब्याकडे चालते झाले.

घरी लालबीनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापताना तिचा हात मधेच थांबायचा, पुन्हा चालू व्हायचा. शेवटी म्हणाली, "म्हंजे चमनबाबाची चूक झालती."

"व्हय. आणि माझी बी."

"आणि माझा बोळा तिथंच ठिवलासा?"

"ठाकूरनं मागून घेतला. जुन्याच्या शेजारी कपाटात मांडलाय. येणारीजाणारी माणसं बघणार."

लालबीनं तव्यावरची भाकरी उलटली. मग तिनं विचारलं, "त्यातला कुठला दिलासा? चारातल्या एकाची गाठ जरा सैल झालती."

कुतुबुद्दीननं थैली ओढली, उरलेले तीन बोळे जमिनीवर मांडले, आणि एकेक उचलून दिव्याजवळ धरू लागला.

"बघून सांगतो," तो म्हणाला.